नातवंडे, आजी-आजोबा आणि भरतीची वेळ

सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेकांच्या घरी लेकी-जावई, मुलगे-सुना आणि नातवंडे जमतात आणि एखाद्या दिवशी दोन गाड्या काढून समुद्रावर जाण्याचा बेत ठरतो. विजयदुर्गाला गेले तर किल्ला पाहून होतो. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण नॉर्मन लॉकियर यांनी जिथून केले, ते ‘साहेबाचे ओटे’ मुलांना दाखवून होतात. आणि मग मुले पाण्याकडे धावतात. या बेतात मोडता घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. परंतु १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावहून सहलीस आलेल्या आठ जणांचा बुडून मृत्यू झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यावर कुडाळ व बेळगावकडील नातलगांची कौटुंबिक सहल अशाच शोकात संपली. दोन्ही घटना आपल्याच सिंधुदुर्गातल्या आहेत. म्हणून चार गोष्टी स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट कदाचित आपल्याला बोचेल. पाण्याजवळच्या लहान मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम आजी-आजोबांनी पत्करू नये. माझे एक रुग्ण, वय ७४, मधुमेही, एका डोळ्यात मोतीबिंदू. विजयदुर्गाच्या वाळूवर कुटुंब बसले होते. “बाबा, जरा बघा हं,” असे म्हणून सून पिशवी आणायला गाडीकडे गेली, मुलगा फोनवर होता. चार वर्षांची नात गुडघाभर पाण्यात खेळत होती. लाटेने ती आडवी झाली, ते आजोबांना दिसले. पण वाळूतून उठून उभे राहण्यातच त्यांचा वेळ गेला. जाळे आवरणाऱ्या एका मच्छीमाराने तिला उचलले. मुलगी दोन दिवसांत बरी झाली. आजोबा मात्र महिनाभराने माझ्याकडे आले ते झोप येत नाही आणि रक्तदाब वाढला म्हणून. घरात त्यांना कोणी एका शब्दाने बोलले नव्हते, आणि तेच त्यांना सोसवत नव्हते. माझ्या मते दोष त्यांचा नव्हताच. ज्याला धावता येत नाही त्याच्यावर धावण्याचे काम सोपवले गेले होते. तेव्हा “बघा हं” असे कोणी म्हटले, तर “मी सामान बघतो, मुलांजवळ तू थांब,” असे निःसंकोच सांगावे. मुलांजवळच्या माणसाचे नाव ठरलेले असावे, तो मुलापासून हातभर अंतरावर असावा आणि त्याच्या हातात फोन नसावा. दहा माणसे किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतो आहे.

बुडणारे मूल ओरडते, हात हलवते, ही समजूत चित्रपटांनी रुजवली आहे. प्रत्यक्षात तोंड पाण्याखाली गेले की ओरडायला श्वासच उरत नाही. सारे काही मिनिटभरात आणि आवाज न होता घडते. खेळणाऱ्या मुलांचा गलबला अचानक थांबला, तर आधी पाण्याकडे पाहावे.

दुसरी गोष्ट मात्र खास आपल्या पिढीकडे आहे. पंचांग! कोकणात जुनी माणसे तिथीला तीनने गुणून चारने भागतात; जो आकडा येतो, तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. एकादशीला सव्वाआठ. दोन्ही पक्षांना हेच गणित लागू पडते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. उत्तर ढोबळ येते, थोडे मागेपुढे धरावे. पण बेत आखायला पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाण्याची चढउतार आणि ओढ दोन्ही वाढतात. विजयदुर्गाला वाघोटन खाडीचे मुख आहे. ओहोटी लागली की खाडीतले पाणी समुद्राकडे वेगाने खेचले जाते, त्यामुळे मुखाजवळ मुलांना पाण्यात उतरवू नयेच. स्थानिक मच्छीमार “इथे नको” म्हणाला, तर वाद घालू नये.

आता, घडलेच तर. कोणीही अंगावरच्या कपड्यांनिशी मागोमाग उडी घेऊ नये. एकाला वाचवताना दुसरा जातो, तो असाच. दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा, फुगवलेली ट्यूब, जे तरंगते ते फेकावे. मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे सर्व प्रकार मी अजून पाहतो. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. मूल श्वास घेत नसेल, तर पाठीवर निजवून, हनुवटी किंचित उचलून आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत. तरीही हालचाल नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करावा. गुडघे दुखत असले, तरी फोन करणे आपल्याला जमते. म्हणून क्रमांक मोबाईलमध्ये आणि पाठही असावा.

मूल शुद्धीवर आले, रडले, बिस्कीट खाल्ले, की घरचे म्हणतात, “झाले, आता जाऊ या.” इथे आपण आपल्या वयाचा अधिकार वापरावा. फुप्फुसात थोडे जरी पाणी गेले असेल, तरी पुढील काही तासांत खोकला, धाप, पेंग किंवा ओकाऱ्या सुरू होऊ शकतात. म्हणून ज्याला श्वास द्यावे लागले, जे बेशुद्ध झाले किंवा ज्याचा खोकला थांबत नाही, अशा मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. तिथे सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवतात. ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळून न्यावे. तोंडाने काही देऊ नये, चहासुद्धा नाही.

आणि आपल्यासाठी, मधुमेह असेल तर वाळूत अनवाणी फिरू नका. दुपारची वाळू भाजते आणि बधिर तळव्याला ते कळत नाही; खडकांवरच्या कालवांच्या धारेने कापलेलेही कळत नाही. घरी आल्यावर दिव्याखाली दोन्ही तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगावे.