नाकाचे हाड : घाई आणि दिरंगाई

'नाकाचे हाड वाढले आहे' हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे मराठी घर विरळाच. परीक्षेच्या तोंडावर डोके धरून बसणारा विद्यार्थी असो, खडूच्या धुळीने हैराण झालेला शिक्षक असो की जुन्या फाइलींत बारमाही शिंकणारा कारकून असो. त्याच्या दुखण्याचे निदान शेजारीपाजारीही याच वाक्याने करून टाकतात. वास्तविक बहुतेक वेळा नाकात हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूस कललेला असतो, किंवा नाकाच्या भिंतीवरील मांसल कंगोरे ॲलर्जीने सुजलेले असतात. पडदा अगदी सरळ असलेली माणसे थोडीच. श्वास अडत नसताना केवळ पडदा वाकडा म्हणून सुरी चालवावयाची, तर साऱ्या समाजालाच शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवावे लागेल.

याच्या उलट दुसरा समजही तितकाच रुजलेला आहे. 'सायनसचे ऑपरेशन एकदा केले की पुन्हापुन्हा करावे लागते' असे सांगून कित्येकांना दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरविले जाते. हा समज मात्र निराधार म्हणता येत नाही. त्यामागे इतिहास आहे. १८९०च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज काल्डवेल आणि फ्रान्समध्ये आन्री ल्यूक यांनी गालाच्या हाडातील पोकळीवर जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत वरच्या ओठाआडून हाडाला भोक पाडून पोकळीचे अस्तर खरवडून काढीत आणि पू वाहून जाण्यासाठी नाकात खालच्या बाजूस नवी वाट करून देत. पाणी उताराकडे वाहते, हा साधा हिशेब त्यामागे होता. पण अनेकांचा गाल बधिर होई आणि रोगही पुरता हटत नसे.

हिशेब का चुकला, याचा उलगडा ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी केला. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या संशोधनातून उत्तम प्रतिमा देणारी बारीक दुर्बीण तयार झाली होती. तिच्या साह्याने पाहता असे आढळले की, पोकळीतील स्राव उताराकडे वाहतच नाही. अस्तरावरील केसासारखे सूक्ष्म तंतू त्याला नैसर्गिक द्वाराकडेच ढकलीत नेतात. मग खाली केवढीही खिडकी पाडलेली असो. म्हणजे दोष बहुधा पोकळीत नसून तिच्या अरुंद दारात असतो. दार मोकळे केले की सुजलेले अस्तर पुष्कळदा आपणच सावरते. १९८०च्या दशकात ग्राझचे हाइन्झ स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी या विचारावर आधारलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर नेली. जुनी पद्धत घराची जमीन उकरीत होती. नवी पद्धत तुंबलेले दार उघडते.

तथापि नवी पद्धत म्हणजे रामबाण उपाय नव्हे. नाकात मांसाचे कोंब धरणारा रोग मुळात अस्तराचा असतो. कोंब काढले तरी औषधी फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे पुढेही चालूच ठेवावे लागते. शिवाय या पोकळ्या आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखा पातळ हाडाचा पापुद्रा असतो आणि वर मेंदू असतो. म्हणून सीटी स्कॅनचा नकाशा व सरावलेला हात यांवाचून येथे शिरणे हे साहसच. लक्षणे बारा आठवडे टिकली आणि योग्य औषधोपचारानेही हटली नाहीत, तरच सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा असतो. साध्या पडशात काढलेल्या स्कॅनमध्येही पोकळ्या भरलेल्या दिसतात. तेवढ्यावरून शस्त्रक्रियेची तारीख ठरविणे हा शास्त्राचा अनादर आहे.

पण घाई जशी वाईट, तशीच दिरंगाई प्राणघातक होऊ शकते. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून आलेल्या काळ्या बुरशीने हे दाखवून दिले. त्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्राला त्याची मोठी झळ बसली. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते; मृत झालेल्या भागापर्यंत औषध पोहोचतच नाही, म्हणून तो भाग कापून काढण्यावाचून गत्यंतर नसते. नियंत्रणाबाहेरचा मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर यांनी तिला वाट करून दिली. गाल बधिर होणे, एका बाजूचा चेहरा सुजणे, दात हलणे, टाळूवर काळा डाग पडणे, या खुणा वेळीच ओळखल्या गेल्या त्यांचा डोळा आणि जीव वाचण्याची आशा तरी राहिली. राज्य सरकारने त्या वर्षी मे महिन्यात हा आजार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला, हे योग्यच झाले. परंतु योजना बिल भरते. रोग ओळखण्याचे काम ती करीत नाही.

घाई आणि दिरंगाई ही दोन टोके दिसली, तरी त्यांचे मूळ एकच आहे : नाकात नीट डोकावून पाहण्याआधीच निर्णय होतो. म्हणून मागणी साधी आहे. नाक तपासण्याची दुर्बीण आणि ती हाताळणारा कान-नाक-घसातज्ज्ञ मोठ्या शहरांपुरता न राहता प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, आणि टप्प्याटप्प्याने उपजिल्हा रुग्णालयातही, हमखास मिळाला पाहिजे. शस्त्रक्रिया सुचविताना कोणते औषध किती दिवस दिले, दुर्बिणीत काय दिसले आणि स्कॅन कशासाठी काढला, हे केसपेपरवर स्पष्ट लिहिण्याचा दंडक सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांना घालून द्यावा. रुग्णांनीही हे प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये. आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असे मानले जाते. पण ज्याच्यापाशी उत्तर आहे, त्या डॉक्टरला प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. आणि ज्याच्यापाशी ते नाही, त्याच्या हाती सुरी द्यावयाची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचाच आहे.