होमारे सावाची फुटबॉलची नोकरी



घरातली मुलगी खेळात चमकली की पहिले चार दिवस वस्तीभर कौतुक होते. पाचव्या दिवशी कोणीतरी हळूच विचारते, "सगळे ठीक आहे, पण यावर पोट भरेल का?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आलेला पगार दूधवाला, वाणी, घरभाडे आणि मुलांची फी यांत कसा बसवायचा, हा हिशेब ज्या आईला दर महिन्याला करावा लागतो, तिच्या तोंडी हा प्रश्न येणारच. पण जपानसारख्या श्रीमंत देशात, जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरलेल्या बाईचीही या प्रश्नाने वर्षानुवर्षे पाठ सोडली नव्हती, हे आपल्याला ठाऊक आहे का? आज त्या होमारे सावाची हकिकत सांगते.

होमारेचा जन्म 6 सप्टेंबर 1978 चा, टोकियोच्या पश्चिमेला असलेल्या फुचू या गावचा. थोरला भाऊ फुटबॉल खेळायचा. त्याच्या मागे मागे मैदानावर गेलेली ही पोर चेंडूला पाय लावून बसली ती कायमची. मुलींचा वेगळा संघ नव्हता, म्हणून ती मुलांच्याच संघात खेळली. पुढे योमिउरी बेलेझा या टोकियोच्या महिला क्लबमध्ये शिरली आणि 1991 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, देशाच्या वरच्या लीगमध्ये उतरली. बारा वर्षे म्हणजे आपल्याकडे सहावी-सातवीचे वय! समोर विशी-पंचविशीच्या बायका. 1993 च्या डिसेंबरात ती जपानच्या राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळली, तेव्हा पंधरा वर्षांची होती. फिलिपाईन्सविरुद्धच्या त्या पहिल्याच सामन्यात तिने चार गोल केले. सतराव्या वर्षी ती अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये होती. ऑलिम्पिकमध्ये महिलांचे फुटबॉल सुरू झाले तेच मुळी त्या 1996 साली.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल की पोरीचे कल्याण झाले. पण आता पैशाची बाजू पाहू.

जपानची महिला लीग 1989 मध्ये सुरू झाली. तिचा बराचसा डोलारा कंपन्यांच्या जिवावर उभा होता. कंपनी संघ ठेवायची आणि खेळाडूंना नोकरी द्यायची. दिवसा कचेरीचे काम, संध्याकाळी सराव. आपल्याकडच्या गिरण्या, बँका आणि रेल्वे यांचे कबड्डीचे संघ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या भरभराटीचा फुगा फुटला. मंदी आली. खर्च कापायचा म्हटल्यावर कंपन्यांची कात्री पहिल्यांदा कशावर चालली असेल? निक्को सिक्युरिटीज या शेअर व्यवहारातल्या कंपनीच्या महिला संघाने 1996, 1997 आणि 1998 अशी ओळीने तीन वर्षे लीग जिंकली होती. तो विजेता संघच बंद करण्यात आला! हरणाऱ्याला घरी पाठवतात हे समजते. इथे जिंकणाऱ्या बायकांनाही घरी पाठवले. आणखीही संघ गेले. त्यातच 1999 च्या विश्वचषकात जपान पहिल्या आठांत आला नाही आणि 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकचे दार बंद झाले. उरलासुरला पैसाही आटू लागला.

होमारे तेव्हा वीस वर्षांची होती. तिने कॉलेज सोडले आणि अमेरिकेची वाट धरली. भाषा येत नव्हती, ओळखीचे कोणी नव्हते. आधी ती डेन्व्हरच्या एका संघाकडून खेळली. 2001 मध्ये अमेरिकेत महिलांची पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. म्हणजे खेळ हीच नोकरी. तिथे अटलांटाच्या 'बीट' या संघाने तिला घेतले. अमेरिकन खेळाडूंच्या मानाने ती ठेंगणी, पण पायांत चपळाई अशी की अमेरिकन प्रेक्षकांनी तिला 'क्विक सावा' असे नावच पाडले. तीन वर्षांत तिचा संघ दोनदा अंतिम सामन्यात पोचला आणि दोन्ही वेळा हरला. तरी महिन्याचा पगार हातात येत होता आणि फुटबॉलखेरीज दुसरे काम करावे लागत नव्हते.

आणि 2003 च्या सप्टेंबरात ती लीगही बंद पडली. महिला विश्वचषक त्याच अमेरिकेत सुरू व्हायला अवघे पाच दिवस उरले होते. पैसे संपले, कारभार आटोपला. होमारे परत आपल्या जुन्या बेलेझात आली.

या टप्प्यावर दुसरी एखादी खेळ सोडून देती, तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. पुढे जे झाले ते मला तिच्या विश्वचषकापेक्षाही मोठे वाटते. एप्रिल 2004 मध्ये टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवर उत्तर कोरियाशी सामना होता. जिंकणारा अथेन्स ऑलिम्पिकला जाणार. सिडनी हुकले होते. अथेन्सही हुकले असते तर महिला फुटबॉलकडे जपानमध्ये कोणी वळूनही पाहिले नसते. उत्तर कोरियाचा संघ त्या काळी जपानला भारी पडत असे. होमारेचा उजवा गुडघा दुखावलेला होता. वेदना मारण्याचे इंजेक्शन घेऊन ती मैदानात उतरली. तीस हजारांवर माणसे बघायला आली होती. बायकांच्या सामन्याला एवढी गर्दी जपानने पाहिली नव्हती. सुरुवातीलाच तिने समोरच्या खेळाडूला खांदा भिडवून चेंडू काढून घेतला आणि सगळ्या संघाच्या अंगात वारे शिरले. जपान 3-0 ने जिंकला. त्याच वर्षी लोकांकडून सूचना मागवून संघाला नाव देण्यात आले : 'नादेशिको जपान'. नादेशिको हे एक नाजूक गुलाबी फूल. जपानमध्ये सालस, मर्यादशील बाईला त्याची उपमा देतात. इंजेक्शन टोचून धक्के देत-घेत खेळणाऱ्या बायकांना हे नाव कसे शोभले, हे ज्याचे त्याने ठरवावे!

2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकपर्यंत संघात तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुली आल्या होत्या. प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी तिची जागा बदलली. पुढे राहून गोल करणाऱ्या होमारेला त्यांनी मागे घेतले. प्रतिपक्षाचा हल्ला मधेच तोडायचा आणि तिथूनच आपला हल्ला सुरू करायचा, हे काम दिले. तिशीला टेकलेल्या खेळाडूला हे अपमानास्पद वाटू शकते. तिने ते काम असे शिकून घेतले की पुढे तेच तिची ओळख झाले. लहान मुलींना तिने त्या वेळी सांगितले होते की, फार कठीण वाटू लागले की माझ्या पाठीकडे पाहा. जपानमध्ये हे बोलणे फार गाजले. बीजिंगमध्ये जपान चौथा आला. पदक थोडक्यात गेले.

अमेरिकेत पुन्हा एक लीग सुरू झाली, म्हणून 2009 आणि 2010 हे दोन हंगाम ती वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळली. ती लीगही 2012 मध्ये बंद पडली, पण होमारे त्याआधीच मायदेशी आली होती. इकडे बेलेझाचीही पैशाची ओढाताण चालली होती. तेव्हा 2011 च्या सुरुवातीला ती आणि तिच्या काही सोबतिणी कोबे शहराच्या 'आयनॅक' संघात गेल्या. बत्तिसाव्या वर्षी पुन्हा नवा संघ, नवे गाव.

आणि 11 मार्च 2011 रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर तो महाभयंकर भूकंप झाला, समुद्र आत घुसला. अठरा हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. फुकुशिमाचे अणुवीज केंद्र फुटले. त्या केंद्राची मालक वीज कंपनी एक महिला फुटबॉल संघ चालवीत असे. त्या संघातल्या मुली केंद्राच्याच कामावर असत. संघ उठला, त्यांचे खेळणे थांबले. जूनअखेर जर्मनीत विश्वचषक सुरू झाला तेव्हा जपानच्या संघातली आया सामेशिमा ही अशी संघ गमावलेली मुलगी होती, आणि करिना मारुयामा हिने पूर्वी त्याच केंद्रात नोकरी केली होती.

उपांत्यपूर्व सामना यजमान जर्मनीशी होता. आधीचे दोन्ही विश्वचषक जर्मनीने जिंकलेले. सामन्यापूर्वी सासाकींनी आपल्या खेळाडूंना भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या भागाची दृश्ये दाखवली. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत, 108 व्या मिनिटाला होमारेने चेंडू नेमका पुढे सारला आणि गोल मारला तो मारुयामाने! त्यानंतर स्वीडनला 3-1 ने हरवून जपान अंतिम फेरीत गेला.

17 जुलै 2011, फ्रँकफर्ट. समोर अमेरिका. जपानने अमेरिकेला त्याआधी एकदाही हरवले नव्हते. अमेरिकेने पहिला गोल केला. 81 व्या मिनिटाला आया मियामाने तो फेडला. जादा वेळेत अमेरिकेच्या वामबाखने डोक्याने दुसरा गोल मारला. शेवटची तीन-चार मिनिटे राहिली. जपानला कॉर्नर मिळाला. मियामाने चेंडू गोलच्या जवळच्या खांबाकडे मारला. गर्दीतून होमारे धावत पुढे आली आणि तिने पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा काही वळवला की तो जाळ्यात गेला. नीट पाहिले तर तिची पाठ जवळजवळ गोलकडे होती. 117 वे मिनिट, 2-2. मग पेनल्टी. पेनल्टी मारायला होमारेला मुळीच आवडत नसे, आणि त्या दिवशीही तिने मारली नाही. अयुमी काइहोरी या गोलरक्षिकेने दोन पेनल्टी अडवल्या, अमेरिकेची एक वरून गेली, आणि वीस वर्षांच्या साकी कुमागाईने शेवटचा चेंडू मारून 3-1 असा निकाल लावला. पुरुष असोत वा महिला, आशियातल्या कोणत्याही देशाने जिंकलेला हा पहिला फुटबॉल विश्वचषक. पाच गोल करून सर्वाधिक गोलांचे आणि सर्वोत्तम खेळाडूचे अशी दोन्ही पारितोषिके होमारेने घेतली.

सरकारने संघाला राष्ट्रीय सन्मान दिला. एखाद्या संघाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. आणि सोबत भेट काय दिली, तर चेहऱ्याला रंगरंगोटी करायचे ब्रश! ब्रश उत्तम कारागिरीचे होते म्हणे, कुमानो गावचे प्रसिद्ध. असतील. पण विश्वविजेत्या पुरुषांना सरकारने दाढीचे ब्रश दिले असते का?

जानेवारी 2012 मध्ये झुरिचला वर्षातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा मान तिला मिळाला. आशियातल्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळत होता. ती किमोनो नेसून मंचावर गेली. त्याच वर्षी पुढे तिला चक्कर येण्याचा आजार जडला, काही सामने बुडाले, पण लंडन ऑलिम्पिकपर्यंत ती उभी राहिली. आणि लंडनला निघताना काय घडले? जपानचा पुरुष संघ आणि महिला संघ एकाच विमानाने युरोपला गेले. पुरुष खेळाडू वरच्या बिझनेस वर्गात, विश्वविजेत्या बायका मात्र त्याखालच्या स्वस्त वर्गात. होमारे एवढेच म्हणाली की, खरे तर उलटे व्हायला हवे होते, वयानेही आम्हीच मोठ्या आहोत. पुरुष चौथे आले. महिलांनी वेम्बलीवर ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर अमेरिकेशी 1-2 असा अंतिम सामना खेळून रौप्यपदक घेतले. परतताना त्यांना बिझनेस वर्गाची तिकिटे मिळाली.

2015 चा विश्वचषक हा तिचा सहावा. सहा विश्वचषक खेळणे तोवर कोणाला जमले नव्हते. ती आणि ब्राझीलची फोर्मिगा यांनी मिळून तो विक्रम केला. अंतिम फेरीत अमेरिकेकडून 2-5 अशी हार झाली. त्या ऑगस्टमध्ये तिने लग्न केले, डिसेंबरात निवृत्ती जाहीर केली. 27 डिसेंबर 2015 रोजी सम्राज्ञी चषकाच्या अंतिम सामन्यात ती कोबेकडून शेवटची खेळली. 78 व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू सदतीस वर्षांच्या होमारेने डोक्याने जाळ्यात घातला आणि तोच सामन्यातला एकमेव गोल ठरला. देशासाठी 205 सामने आणि 83 गोल असा हिशेब मांडून ती बाहेर पडली. 2017 च्या जानेवारीत तिला मुलगी झाली.

जपानमध्ये महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली ती 2021 च्या सप्टेंबरात. अकरा संघ, आणि प्रत्येक संघाने निदान पंधरा खेळाडूंशी पगारी करार करायचा, असा नियम. होमारेला निवृत्त होऊन तेव्हा सहा वर्षे होत आली होती. पहिल्या हंगामाचे विजेतेपद तिच्या जुन्या कोबे संघाने मिळवले.

त्या हंगामाच्या मध्यावरच, 2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, महिलांचा आशिया चषक आपल्याकडे मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. नादेशिको जपानचे बहुतेक सामने पुण्याला बालेवाडीत होते. त्या संघाची कर्णधार होती साकी कुमागाई. फ्रँकफर्टला शेवटची पेनल्टी मारणारी तीच मुलगी, आता एकतीस वर्षांची. मधल्या काळात तिने जर्मनी आणि फ्रान्समधल्या मोठ्या क्लबांत फुटबॉल खेळूनच पोट भरले होते. उपांत्य सामन्यात चीनशी 2-2 अशी बरोबरी झाली आणि बालेवाडीच्या मैदानावर जपानच्या मुली पेनल्टीवर हरल्या.