सकाळची साखर आणि बाजारातले चूर्ण



आमच्या केजच्या गल्लीत एक मावशी राहतात. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटले आहे. मात्र "माझं झालं ते लिहा, दुसऱ्याचं नको व्हायला" असेही त्यांनीच बजावले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, रातच्याला अर्धीच भाकर खाल्ली. चहा बिनसाखरेचा. तरी उपाशीपोटी दोनशे कशी भरती? यंत्र खोटं हाय का काय?"

आम्हीही शुगरवालेच. आमचीही सकाळची साखर १७०-१८० च्या खाली उतरत नसे. उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही आठवडी बाजारातून 'मधुमेहावरचे' चूर्ण आणले आणि अर्धे मावशींना दिले. पुढे जे घडले त्याची सुरुवात आमच्याच हातून झाली, हे आधी कबूल करतो.

यंत्र खोटे नव्हते. आपले यकृत, म्हणजे काळीज म्हणतो ते, साखरेची कोठी आहे. पहाटे साधारण चार ते आठच्या दरम्यान शरीर उठायच्या तयारीला लागते. काही ग्रंथींचे रस रक्तात वाढतात आणि यकृताला सांगतात, साखर सोड, माणूस आता कामाला लागणार. निरोगी माणसाच्या अंगात त्याच वेळी इन्सुलिन वाढून ही साखर जिरवते. मधुमेहात तेवढे इन्सुलिन नसते किंवा असून लागू पडत नाही. म्हणून पोटात अन्नाचा कण नसतानाही आकडा चढतो. रात्री उपाशी झोपणे हा त्यावर उपाय नव्हे. मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त गोळी मुख्यतः या यकृतालाच आवर घालते, आणि नेमकी तीच गोळी "सवय लागते" म्हणून आपले लोक सोडतात.

डॉक्टरांनी आम्हाला एक साधी युक्ती सांगितली. दोन-तीन रात्री गजर लावून तीन वाजता साखर तपासा आणि उठल्यावर पुन्हा तपासा. तीनला ठीक आणि सहाला चढलेली असेल तर तो पहाटेचा प्रकार. रात्रभरच चढलेली असेल तर जेवण किंवा औषधाचा हिशेब चुकतो आहे. आणि तीनला ७० च्या खाली गेली असेल, रात्री दरदरून घाम येत असेल, तर इन्सुलिन वा गोळीचा डोस जास्त होत असू शकतो. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत, गोळी मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. सकाळी उपाशीपोटी ८० ते १३० हे बहुतेक शुगरवाल्यांसाठी उद्दिष्ट धरतात. वय झालेल्यांना डॉक्टर थोडी सूट देतात.

आमची स्वतःची वही सांगते ती गोष्ट अशी. कचेरीतून आल्यावर मंडळाचे काम, बैठक, मग साडेदहाला जेवण आणि लगेच आडवे होणे, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. जेवण आठला आणले, तीन भाकरींच्या दोन केल्या, वरण आणि पालेभाजी वाढवली, जेवल्यावर पंधरा मिनिटे कळंब रोडने फिरून येऊ लागलो. दोन महिन्यांत सकाळचा आकडा १४० च्या आसपास आला. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. भाकरी पोळीपेक्षा बरी असेल, पण तीही पिठाचीच. आणि साखरेऐवजी गूळ घालून चहा पिणाऱ्यांना तर काय म्हणावे!

आता आयुर्वेदाचे. आम्ही त्याचे वैरी नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगितली त्यात बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ आहेत. हे आजचा डॉक्टरही नाकारणार नाही. सुश्रुताचे वाचून मात्र आम्ही थांबलो. निर्धन रोग्याने पायात काही न घालता शंभर योजने चालावे, विहीर खणावी, असे तो सांगतो. आमच्या आजोबांनी दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या, ज्यांचे पाणी त्यांना शिवू दिले नाही. उपचार म्हणून कोणी खणायला लावल्या नव्हत्या! त्यांना हा रोग ठाऊक नव्हता. आम्ही मात्र शिकलो, खुर्चीत बसलो आणि रोग आला. खुर्ची सोडायची नाही, ती सुखासुखी मिळालेली नाही. पण दिवसातून अर्धा तास तिच्यावरून उठले पाहिजे. आणि अनवाणी चालण्याचा सल्ला शुगरवाल्याने मुळीच पाळू नये. का, ते पुढे येते.

मेथीदाण्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत अभ्यास झाले आहेत. त्यातल्या चिकट तंतूंमुळे साखर रक्तात हळू उतरते. रात्री भिजवलेली चमचाभर मेथी खायला हरकत नाही, उतार मात्र थोडाच मिळतो. कारले भाजी म्हणून उत्तम. जांभळाच्या बियांच्या भुकटीवर भिस्त ठेवावी इतका पुरावा नाही. गुडमारचे पान चावून साखर तोंडात टाकली तर वाळूसारखी लागते, हे खरे. पण जिभेची गोडी गेली म्हणजे रक्तातली गेली असे नव्हे. यातले काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण गोळीच्या जोडीने साखर एकदम खाली जाऊ शकते.

बाजारातल्या बिननावाच्या चूर्णाची गोष्ट वेगळीच. अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली तपासणीत सापडली आहे, काहींत शिसेही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. तरी बाजारात कर्णे वाजतातच.

मावशींची साखर पहिल्या पुडीने आठ दिवसांत १३० वर आली. त्यांनी गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या पुडीचा काही गुण आला नाही, पण "येईल हळूहळू" म्हणत चार महिने काढले. चपलेचा खिळा अंगठ्यात रुतला, तो त्यांना कळलाच नाही, कारण वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. अंबाजोगाईला नेले तेव्हा साखर साडेतीनशेच्या पुढे होती. अंगठा काढावा लागला.

त्या सांगायला लाजत होत्या. आम्ही त्यांना बाबासाहेबांची आठवण दिली. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायाच्या वेदनांनी कित्येक रात्री त्यांना झोप नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. १९४८ च्या एप्रिलमध्ये लग्न झाल्यापासून डॉ. सविता आंबेडकर त्यांचे पथ्यपाणी पाहत. आजार लपवावा असे त्यात काही नाही. मावशी आता रोज रात्री पायाचे तळवे नातीला दाखवतात आणि गोळी चुकवत नाहीत. परवाची सकाळची साखर १३६.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. आपल्या केज तालुक्यातली कितीतरी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडावर पहाटे तीनला उठणे, गोड चहा, शिळी भाकर आणि पाच महिने दवाखाना नाही. निघण्यापूर्वी कोयत्याबरोबर गोळ्यांचाही हिशेब करावा, किती महिन्यांच्या एकदम मिळतील ते दवाखान्यात विचारावे. मावशींचा मुलगा आणि सून यंदा कोल्हापूरकडे जाणार आहेत. सुनेला काही त्रास नव्हता, तरी आम्ही आग्रहाने तिची उपाशीपोटी तपासणी करवली. १४२ निघाली. १२६ वा त्यावरचा आकडा दोनदा आला म्हणजे मधुमेह धरतात, म्हणून येत्या सोमवारी पुन्हा तपासायला नेणार आहोत.