गाडीचे लोंबते छत



गेल्या जून महिन्यात, पावसाने नुकताच जोर धरला असता, एका रात्री दीडच्या सुमारास जांबोटीकडील एका वाडीवरून निरोप आला की एका आजीबाईंना श्वास लागला आहे. चर्चची गाडी जुनी खरी, परंतु अशा वेळी जवळपास मिळण्यासारखी तीच एक. रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन मी पुढे बसलो. वाडीवर पोहोचताच आजींना मागल्या सीटवर सुनेच्या मांडीवर डोके ठेवून निजविले व आम्ही बेळगावचा रस्ता धरला. थोडे अंतर गेलो न गेलो तोच गाडीच्या आतल्या छताचे कापड सुटून झोळीसारखे खाली आले आणि चालकाचा मागचे पाहण्याचा आरसा पुरता झाकला गेला. बाहेर धो धो पाऊस. इस्पितळापर्यंत मी दोन्ही हातांनी ते कापड वर धरून बसलो होतो. मध्येच मागून सून म्हणाली, "फादर, आईंच्या गालाला काहीतरी टोचतंय." ती टाचणी होती, आणि ती मीच लावलेली होती.

आजी बऱ्या होऊन घरी आल्या, देवाची कृपा. परंतु त्या टाचणीचा हिशेब वाचकांपुढे ठेवणे मला प्राप्त आहे. कारण आपल्या गावांतून आता जुन्या विकत घेतलेल्या गाड्या पुष्कळ झाल्या आहेत, आणि माझी चूक इतरांच्या हातून होण्याचा संभव आहे.

हिवाळ्यात आमच्या चर्चचा सण होता व बिशप यावयाचे होते. छताचे कापड मागल्या बाजूस वीतभर लोंबत होते. एवढ्या मोठ्या पाहुण्यांना त्या गाडीतून कसे न्यावे, या विचाराने मी बाजारातून सोल्यूशनचा डबा आणला, कडेने कापड सोडवले, आत हात घालून ब्रशने सोल्यूशन फासले आणि तळव्याने दाबून बसवले. सणाच्या दिवशी छत ताठ होते. पुष्कळांनी वाखाणले व मला ते गोड लागले, हेही सांगून टाकतो. उपवासकाळ संपेपर्यंत कापड पुन्हा सुटले. मग मी टाचण्यांच्या दोन ओळी मारल्या, अगदी फूटपट्टी लावून.

आमच्याच चर्चचा एक तरुण शहापुरात कुशनकाम शिकला आहे. जूनच्या त्या रात्रीनंतर त्याला बोलावले. त्याने कापडाच्या मागून चिमूटभर भुकटी काढून माझ्या हातावर ठेवली. नाचणीच्या पिठासारखी, तांबूस आणि किंचित चिकट. तो म्हणाला, "फादर, कापड चांगलं आहे, सोल्यूशनही वाईट नव्हतं. पण तुम्ही ते पिठाला लावलंत."

त्याने दाखविले ते असे. 2014 साली जिचे उत्पादन थांबले त्या अँबॅसडरसारख्या जुन्या घडणीच्या गाड्यांत छताचे कापड आडव्या तारांवर शिवून ताणलेले असे. ते फाटे, मळे, पण असे गळून पडत नसे. पुढच्या गाड्यांत साच्यात दाबून केलेला एक मोठा तक्ता छताखाली बसवितात आणि त्यावर कापड चिकटवितात. कापडाच्या पाठीस पातळ फोम असतो. हा फोम पॉलियुरेथेनचा; 1937 साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या पदार्थाचा हा वंशज. उन्हात गाडीचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो, पावसाळ्यात हवा ओली, आणि या दोहोंत वर्षे काढता काढता फोम आतून कुजून त्याचे पीठ होते. कापड शाबूत, तक्ता शाबूत, मधला दुवा तेवढा नाहीसा. यहेज्केल संदेष्ट्याने कच्च्या भिंतीस चुना फासणाऱ्यांची केलेली कानउघाडणी मी किती वेळा वाचून दाखविली असेल. परंतु डबा विकत घेताना ती आठवली नाही.

तेव्हा तक्ता बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पंचायतीच्या बैठकीत एक वडीलधारे सदस्य म्हणाले, "गाडी चालते ना, फादर? छताला कुठे धावायचं आहे?" त्यांना मी टाचणीची हकिकत सांगितली आणि खर्च मंजूर झाला.

प्रथम त्याने बॅटरीची तार सोडली. मग दिवा, उन्हाच्या झडपा, हाताच्या मुठी, दारांवरची रबरी पट्टी आणि खांबांवरची आवरणे काढली. (ज्या गाड्यांत छताच्या कडेने एअरबॅग बसविलेल्या असतात तेथे घरच्या माणसाने हात घालू नये, ते काम जाणत्याकडेच द्यावे.) सीट पूर्ण मागे पाडून तक्ता मागल्या दाराने दोघांनी सावकाश बाहेर घेतला, कारण तो वाकला की मोडतो आणि मोडीची रेघ नव्या कापडातूनही दिसते. एका कोपऱ्यात पाण्याचा डाग होता. तेव्हा आधी पत्र्यावरची गळती शोधून बुजविली. नाहीतर नवे कापडही त्याच वाटेने गेले असते.

सर्वांत जास्त वेळ खरवडण्यात गेला. तोंडाला फडके बांधून, मऊ ब्रशने, कोरडेच. पाणी लावले तर तक्ता भिजून मऊ पडतो. मी दुपारभर त्याच्याबरोबर बसलो होतो. आता झाले असे मला चारदा वाटले आणि चारही वेळा त्याने तळवा फिरवून मला तांबूस बोट दाखविले.

मग फोमची पाठ असलेले नवे कापड, चारही बाजूंनी तीन-चार बोटे जास्त ठेवून. सोल्यूशन उष्णतेला टिकणारे हवे. साधे असेल तर उन्हात पाघळते, माझे बहुधा तसेच होते. ते तक्त्यास व कापडास दोहोंस पातळ लावले आणि बोटाला चिकटेल पण ओढले जाणार नाही इतके सुकू दिले. याचा वास डोक्यात जातो व वाफेला जाळ चटकन धरतो, म्हणून काम उघड्या अंगणात, आणि विडी ओढणाऱ्यांना फाटकाबाहेर उभे केले. कापड अर्धे दुमडून मधल्या रेषेपासून कडेकडे तळव्याने बसवीत नेले. एकदा टेकले की उचलून पुन्हा ठेवता येत नाही. रात्रभर सुकल्यावर कडा वळवून मागे चिकटविल्या आणि दिव्याचे भोक कापले.

मजुरी घेण्यास तो तयार नव्हता. "चर्चचं काम आहे," म्हणाला. पंचायतीने ती पूर्ण दिली. सुताराला आणि गवंड्याला आपण देतो, मग यानेच फुकट का करावे?

वास जाण्यासाठी दोन दिवस काचा उघड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी आजींना औषधासाठी न्यावयाचे होते. त्यांनी बसल्याबरोबर वर पाहिले, हाताने चाचपून घेतले आणि मगच मान मागे टेकली.

ज्यांच्या गाडीचे छत लोंबू लागले आहे त्यांनी डबा विकत घेण्यापूर्वी कापडामागची भुकटी बोटावर घेऊन पाहावी. तो तरुण शनिवारी दुपारनंतर घरी असतो. त्याचे घर मी दाखवीन.