इस्राएल आळीतली चौकट



अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीची वाट बघावी लागते. आमची सहल महाडहून पहाटे निघून अलिबागला पोचली, तर समुद्र काठोकाठ भरलेला! अजून दोन तास थांबायचं. चाळीस मुलं वाळूत दोन तास सांभाळणं म्हणजे काय, ते तुमच्या बाईंना विचारा. मी म्हटलं, "चला, तोवर एक गंमत दाखवते," आणि सगळी वरात गावातल्या इस्राएल आळीत नेली.

"बाई, इस्राएल हा देश ना? मग त्याची आळी इथे कशी?" पोलादपूरकडच्या एकाने लगेच विचारलं.

देश झाला १९४८ साली. ही माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या रायगड जिल्ह्यात राहतात. ते बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या गोष्ट सांगतात, की फार पूर्वी जवळच्याच नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुस्तकं बुडाली, 'शेमा' ही प्रार्थना मात्र तोंडपाठ होती, ती राहिली. पुढे त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक म्हणू लागले 'शनवार तेली'!

आळीत त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, मागेन आबोथ. १८४८ साली उभारलेलं, १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. डोकं झाकून आत जायचं, म्हणून मुलांनी रुमाल बांधले. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. पश्चिमेच्या भिंतीत पडद्यामागे कपाट, त्यात हाताने लिहिलेल्या हिब्रू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या असतात. पश्चिमेलाच का? ओळखा बघू. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला आहे!

बाहेर आलो आणि एका बोळातून मागे शिरलो. रस्त्यावरून कळत नाही, पण घरांच्या पाठीमागे अंगण, विहीर, माड असं सगळं दडलेलं. एक आजी ओट्यावर पोहे निवडत बसल्या होत्या. "कुठली गं पोरं?" "महाडची!" "मग तुम्ही सगळे महाडकर," त्या हसल्या. त्यांच्यात आडनावं अशीच पडली. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. पोहे होते मलिद्यासाठी. पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं, एलियाहू प्रेषिताच्या नावाने करतात. कोळंबी मात्र त्यांना चालत नाही. खवले आणि पर असलेलाच मासा खायचा. हे ऐकून आमच्या वर्गातले दोन मासेखाऊ फार हळहळले.

आजींच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची, तिरकी नळी होती. ती मेझुझा. आत प्रार्थना लिहिलेली चिठ्ठी असते. येताजाता हात लावून तो ओठांना लावायचा.

शेजारच्या घराला कुलूप. पोलादपूरच्या त्या मुलाने चौकट निरखली आणि ओरडला, "बाई, इथे नुसती दोन भोकं!"

"जाताना काढून घेतली त्यांनी," आजी म्हणाल्या. १९४८ नंतर एकेक कुटुंब इस्राएलला गेलं. आता इथे मोजकीच घरं उरली आहेत. गेलेल्यांनी तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. आजी पोरांशी बोलत होत्या ते अस्सल अलिबागच्या मराठीत.

ओहोटी लागली, किल्ला बघून झाला. परतीच्या गाडीत नवा खेळ. बिरवाडीकर! दासगावकर! कापडेकर! तो पोलादपूरचा मुलगा मात्र गप्प. त्याचे आईबाबा मुंबईला असतात, गावचं घर शिमग्याला आणि गणपतीत उघडतं. वडखळ मागे पडल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"बाई, आमच्या दाराला काही नाहीये. नुसती कडी आहे." मग जरा वेळाने, "पण आतल्या भिंतीवर माझी उंची मोजलेल्या रेघा आहेत. चार."