सायकलस्वाराचें पावसाळी वस्त्र

मृग लागला कीं घरोघरीं माळ्यावरून छत्र्या व रेनकोट खालीं उतरतात, आणि त्याच सुमारास कित्येक घरांतील सायकली जिन्याखालीं जाऊन बसतात त्या दसऱ्यापर्यंत. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यांतही आतां हाच प्रकार आहे. रस्त्यांवरील वाहनांची दाटी हें त्याचें मोठें कारण, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पावसाळ्यांत एकदां सुटलेली सायकल पुढें सहसा धरली जात नाहीं. दिवाळीच्या सुमारास त्या मुलाच्या वा मुलीच्या हातीं स्कूटरची किल्ली आलेली असते. तेव्हां कॉलेजांत सायकलीनें जाणारांसाठीं कोणता रेनकोट घ्यावा, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

बहुतेक घरांत स्कूटरवर बसणाराचाच रेनकोट सायकलवाल्यास दिला जातो. जाड रबरी किंवा प्लॅस्टिकचा कोट, त्याखालीं तसलीच विजार, गळ्यापासून घोट्यापर्यंत कोठेंही वाऱ्यास वाट नाहीं. स्कूटरवर मनुष्य स्वस्थ बसलेला असतो, त्यास हें चालतें. सायकलस्वाराच्या देहाचें मात्र इंजिनच झालेलें असतें. स्नायूंनीं खर्च केलेल्या शक्तीपैकीं जेमतेम चौथा हिस्सा पायडलास मिळतो. बाकीची सारी शक्ति उष्णता होऊन अंगांत राहते, आणि ती बाहेर घालविण्यास घाम सुटतो. तो वाळण्यास वाव मिळाला नाहीं म्हणजे पावसापासून वांचलेला विद्यार्थी वर्गांत पोंचतो तो घामानें निथळत. चार दिवस असे गेले कीं कोट खुंटीस लागतो व सायकल जिन्याखालीं जाते.

हें दुखणें जुनें आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें १८२३ सालीं दोन कापडांमध्यें रबराचा थर देऊन पाणी न शिरणारें वस्त्र बनविण्याचें पेटंट घेतलें. तें थंडींत कडक होई व उन्हांत चिकट होई. पुढें गंधकाच्या योगानें रबर पक्कें करण्याची युक्ति निघाली, तेव्हां तो दोष गेला. घामाचा दोष राहिला तो राहिलाच. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांनीं टेफ्लॉन झटक्यासरशीं ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जात नाहीं, वाफ जाते. अशा पडद्याचे कोट आतां आपल्याकडेही मिळतात व त्यांस हजारों रुपये पडतात. परंतु आंतल्यापेक्षां बाहेर वाफ कमी असेल तरच ती तिकडे जाणार. थंड देशांतील रिमझिमींत हें उत्तम साधतें. आषाढांतल्या कोंकणच्या उबदार, ओथंबलेल्या हवेंत त्या पडद्याचा गुण पुष्कळसा वायां जातो.

कोटाच्या चिठ्ठीवरील ‘१०,००० मिलिमीटर’ हा आकडा पाहूनही कोणी भुलूं नये. तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतें, एवढाच त्याचा अर्थ. पावसाच्या मोजणीशीं त्याचा संबंध नाहीं. (नाहीं तर वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेणाऱ्या महाबळेश्वरास एक कोट जवळजवळ दोन वर्षें पुरला असता!) त्यापेक्षां शिवणी तपासाव्या. सुईच्या भोंकांवर आंतून पट्टी चिकटविलेली नसेल, तर कापड कितीही चांगलें असलें तरी पाणी खांद्यावरून आंत उतरतें.

शहरांतील चार-सहा किलोमीटरांच्या जाण्यायेण्यास आमचें मत केपकडे झुकतें. केप म्हणजे बाह्या नसलेला, हँडलावरून पुढें पसरणारा व खालून मोकळा असा झगा. तो हातांशीं धरून ठेवण्यास आंतून दोन फांस असतात व कमरेस नाडी असते. इंग्लंडांतील सायकलस्वारांनीं तो कित्येक पिढ्या वापरला. आणि तत्त्व पाहूं गेल्यास भातलावणीच्या वेळचें इरलें व धनगराच्या घोंगडीची खोळ यांहून तो निराळा नाहीं. वरून पाणी अडतें, खालून वारा खेळतो. दोष असा कीं पुलावर आडवा वारा सुटला म्हणजे त्याचें शीड होतें. अशा वेळीं मुकाट्यानें खालीं उतरावें. कांठ चाकाच्या तारांत जाणार नाहीं इतका आंखूड हवा, आणि मागचा दिवा त्याखालीं झांकला जातां कामा नये.

परंतु केप घ्या कीं कोट घ्या, मडगार्डावांचून सर्व व्यर्थ आहे. रस्त्यावरचें चिखलपाणी चाकाबरोबर खालून उडतें, तें कोणतेंही वस्त्र धड अडवीत नाहीं. नव्या पद्धतीच्या ऐटदार सायकली पुष्कळदां मडगार्डाशिवायच विकल्या जातात. ह्या ऐटीचें कौतुक आम्हांस करवत नाहीं. दोन्ही चाकांस लांब मडगार्ड व पुढच्यास जमिनीजवळ पोंचणारा रबरी तुकडा लावून घ्यावा. पाय आणि साखळी दोन्ही वांचतात.

रंगाची निवड ही तर जिवाशीं गांठ आहे. वडील मंडळी काळा किंवा गडद निळा रंग मळखाऊ म्हणून पसंत करतात. पावसाळी संध्याकाळीं ओघळत्या कांचेमागून पाहणाऱ्या बसच्या ड्रायव्हरास असा सायकलस्वार दिसणें कठीण. पिवळा किंवा नारिंगी रंग घ्यावा, पाठीवर चकाकणारी पट्टी असावी. मुलीनें ‘शोभत नाहीं’ म्हटलें तरी येथें आईनें हट्ट सोडूं नये. कोटाची टोपी सैल असली म्हणजे मान वळते, टोपी वळत नाहीं, आणि वळणापूर्वीं मागें पाहणाऱ्या डोळ्यापुढें कापड येतें. त्यापेक्षां हेल्मेटखालीं पुढें चोंच असलेली पातळ टोपी घालावी; चष्मेवाल्यांस तर ती फार उपयोगी.

सिंहगडाकडे सायकल काढणाऱ्या तरुणांची गोष्ट निराळी. चढतांना त्यांनीं खुशाल भिजावें, घामानें भिजण्यापेक्षां तें बरें. उतरतांना मात्र ओल्या अंगास वारा लागून थंडी भरते. तेव्हां माथ्यावर बंद गळ्याचा पातळ विंडचीटर चढवावा. आंत सुतीऐवजीं लोकरीचा गंजीफ्राक असल्यास, ओला झाला तरी थोडी ऊब धरतो.

विकत घेतांना आरशापुढें ताठ उभें राहून भागत नाहीं. वांकून हात हँडलावर असल्यासारखे पुढें करावे, आणि बाही मनगटावरून किती मागें सरकते व पाठ किती उघडी पडते तें पहावें. शक्य तर सायकलच दुकानाच्या दारीं न्यावी. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावें.