आधी पाय मोजा, मग माऊस धरा



"सर, ब्लेंडर शिकलो की थ्रीडी ॲनिमेशनचा धंदा सुरू करता येईल का?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं मत स्पष्ट सांगतो. सॉफ्टवेअर येणं वेगळं आणि धंदा जमणं वेगळं.

आपल्या भवानी पेठेतल्या एका मुलाची गोष्ट ऐका. रेशीम शेतीचं साहित्य विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं त्याला वीस सेकंदांचा व्हिडिओ सांगितला होता: रेशीम अळी तुतीचं पान खातेय, एवढंच. पोरगं हुशार. एक खंड बनवला, त्याला पायांची जोडी लावली, ॲरे मॉडिफायर टाकला, झाली अळी तयार! दुकानात व्हिडिओ लावला तर शेतकरी हसले. म्हणाले, "ही अळी नाही, गोम आहे!" मग चार रात्री जागून फुकटात दुरुस्ती.

चूक कुठे झाली? गोमेला जवळजवळ प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी असते. वाणी किड्याला बहुतेक खंडांवर दोन-दोन जोड्या. रेशीम अळीचं तसं नाही. छातीच्या 3 खंडांवर खरे पाय, प्रत्येकी एक जोडी. मग पोटावर मांसल पायांच्या 4 जोड्या आणि अगदी शेवटी 1 जोडी. मधले काही खंड बिनपायांचे. एकूण 8 जोड्या. जो शेतकरी रोज अळ्यांना पाला घालतो, त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता कामाची पद्धत सांगतो. सोलापुरी चादर आठवा. मधली नक्षी एकदा बसवली की मागावर पुन्हा पुन्हा येते, काठ मात्र वेगळा असतो. अळीचंही तसंच करायचं. आधी एक साधा, बिनपायांचा खंड नीट बनवा. स्केल अप्लाय करा, नाहीतर पुढे सगळं वाकडं होतं. यूव्ही इथेच उलगडून घ्या, म्हणजे प्रत्येक खंडाला पुन्हा करावं लागणार नाही. मग ॲरे, त्यात मर्ज चालू, आणि त्यानंतर कर्व्ह मॉडिफायर, म्हणजे अळी रेषेवरून वळेल. आकार पसंत पडला की ॲरे अप्लाय करा आणि डोकं, छाती, शेपटी हातानं घडवा. पाय सगळ्यात शेवटी, मोजून!

ब्लेंडर 2002 पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे. 2025 मध्ये ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा ॲनिमेशनपट त्यातच बनला. म्हणजे हत्यार तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच! मग गिऱ्हाईक तुमच्याकडेच का येईल? तुम्ही तुतीच्या बागेत जाऊन अळी बघून आलात म्हणून. माझ्या मते तुमचं खरं भांडवल ते आहे.

काही जण म्हणतील, "सर, तयार मॉडेल विकत घ्यायचं ना!" घ्या की. लायसन्स वाचा आणि खुशाल वापरा. पण ते मॉडेल बरोबर आहे का, हे ओळखायला तरी अळी माहीत पाहिजेच.

आणि पैशाचं बोलू. त्या मुलाचं नुकसान पायांमुळे जितकं झालं, तितकंच न बोलण्यामुळे झालं. म्हणून तीन गोष्टी पाळा:

1. निम्मे पैसे आगाऊ घ्या.
2. रंग चढवण्याआधी कच्चं राखाडी मॉडेल गिऱ्हाईकाला दाखवा आणि व्हॉट्सॲपवर लेखी होकार घ्या.
3. किती दुरुस्त्या फुकट आणि पुढच्या प्रत्येकीला किती पैसे, हे आधीच ठरवा.

कच्च्या मॉडेलवर पाय काढायला दहा मिनिटं लागतात. हाडं बसवून, ॲनिमेशन झाल्यावर तेच काम चार रात्री खातं.

तो मुलगा आज काय करतो? नवीन काम आलं की पहिल्या दिवशी कॉम्प्युटर लावतच नाही. वही घेऊन शेतावर जातो.

तुम्हीही आज एक काम करा. घराजवळ गोम, वाणी, सुरवंट, जे दिसेल ते पाच मिनिटं नुसतं बघा. हात लावू नका, गोम चावते! खंड मोजा, पाय मोजा, कागदावर काढा. काय दिसलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!